गोठा आणि वाडा: गीर घ्यावी का खिल्लार, मेंढीला गाईचं मिक्श्चर चालतं का आणि बाकीचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून भरपूर प्रश्न आलेत, सगळे घेणं शक्य नाही, म्हणून ज्यांचा उपयोग बऱ्याच जणांना होईल असे निवडलेत. नावं छापत नाहीये, तालुका तेवढा ठेवलाय, कारण उत्तर देताना गाव कुठलं हे कळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

प्रश्न (सांगोला): सर नमस्कार, मी पुण्यात आयटीमध्ये आहे, गावी चार एकर आहे, विहीर आहे पण मार्चनंतर पाणी कमी पडतं. युट्यूबवर बघून गीरच्या दहा गाई आणायचं जवळपास फायनल केलंय. वडील म्हणतात आणायचीच असेल तर खिल्लार आण. पण खिल्लार दूधच देत नाही, मग कशासाठी आणायची?

उत्तर: भाऊ, आधी गाईचं नाव बाजूला ठेवा आणि वैरणीचा हिशोब घ्या. चारशे किलोच्या दुधाळ गाईला दिवसाला तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा घास लागतो, म्हणजे साधारण १५ ते २० किलो हिरवी वैरण, ५-६ किलो कडबा, शिवाय अंगपोषणाला किलो-दीड किलो खुराक आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. दहा गाई म्हटलं की रोज दोनशे किलोपर्यंत हिरवं झालं. बारमाही पाणी असेल तर एक एकर नेपियर, फुले जयवंत म्हणा, आठ-दहा गाईंची हिरवी वैरण ओढतो, पण तुम्हीच लिहिलंय की मार्चनंतर पाणी नाही, म्हणजे एप्रिल-मे-जून तीन महिने वैरण विकत, आणि सांगोल्यात त्या दिवसांत वैरणीचा भाव काय असतो हे वडिलांना विचारा, ते बोटावर सांगतील.

गीर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. सौराष्ट्रातली ती गाय आहे, चांगल्या रक्ताची असेल तर एका वेताला दोन हजार लिटरच्या आसपास दूध देते, स्वभावानं गरीब. पण बाजारात गीर म्हणून जे विकलं जातं त्यात लांब कान आणि लाल रंग बघून नुसत्या गावठीला गीरचा भाव लावलेला खूप असतो. आईचं दूध किती, बाप कुठल्या नोंदीतला, हे कागदावर दाखवत नसेल तर गीरचे पैसे देऊ नका, साध्या गाईचे द्या.

आता खिल्लार. दूध दिवसाला दोन-तीन लिटर, वासराचं धरून थोडं जास्त, हे खरंय, पण ही जात दुधासाठी घडवलेलीच नाही. माण, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा या कोरड्या पट्ट्यात धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालीसाठी, चिवटपणासाठी आणि उन्हात काम करायच्या ताकदीसाठी वळू निवडत निवडत ती तयार केली. खिल्लारचा पैसा खोंडात, म्हणजे तरुण नर वासरात आहे. बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठवायला सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून चांगल्या खोंडाला परत मागणी आलीये, सांगोल्याचा रविवारचा बाजार, खरसुंडी, पुसेगावची यात्रा, कुठंही जाऊन बघा. तरी पण फक्त शर्यतीच्या भरवशावर धंदा उभा करू नका, दहातला एखादाच खोंड शर्यतीत चमकतो, बाकीचे शेतीकामाला जातात.

माझं ऐकाल तर दोन खिल्लार गाई घ्या, कडबा आणि चराईवर राहतात, वर्षा-दीड वर्षाला वेत देतात. वर्षभर स्वतः गावी किती दिवस थांबता येतंय ते बघा आणि मग दुधाची गाय आणायची का ते ठरवा. गडी ठेवून पुण्यातून मोबाईलवर गोठा चालवणं फार अवघड आहे, माजावरची गाय व्हिडिओ कॉलवर ओळखू येत नाही.

प्रश्न (इगतपुरी): डॉक्टर, आमच्याकडे दोन डांगी गाई आहेत. मुलगा म्हणतो विकून टाकू आणि एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाची विदेशी गाय) आणू, डेअरीची गाडी आता गावात येते. मला डांगी सोडवत नाही पण मुलाचंही चुकतंय असं नाही. काय करावं?

उत्तर: ताई, तुमचं दोघांचंही बरोबर आहे, आणि मार्गही दोन्ही धरता येतो. इगतपुरी, अकोले, तिकडं गुजरातेतलं डांग, इथं तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो त्यामुळे पाणी अंगावर थांबत नाही, खूर काळे आणि टणक असतात, चार महिने चिखलात उभी राहूनही सडत नाहीत. भाताच्या चिखलणीला डांगी बैलासारखा बैल नाही. एचएफ संकर याच हवेत ठेवला की कासदाह, खुरं सडणं आणि गोचिडातून येणारा थायलेरिया हे तीन खर्च पाठी लागतात, आणि मग दुधाच्या बिलातला मोठा भाग औषधाच्या दुकानात जातो.

तरीही डेअरीची गाडी दारात येतेय तर पैसा सोडू नये हे मान्य. मग असं करा, एकच संकरित गाय आणा, तीही तालुक्यातलीच, जिनं इथले दोन पावसाळे काढलेत अशी, नगर-संगमनेरच्या कोरड्या हवेतून थेट उचलून आणू नका. तिच्यासाठी गोठ्याचा कोपरा उंच, उताराचा आणि कोरडा करा, थायलेरियाची लस टोचून घ्या. डांगी दोन्ही ठेवा. फक्त एक गोष्ट पाळा, डांगी गाय माजावर आली की दवाखान्यात डांगीचीच कांडी (कृत्रिम रेतनासाठीची वीर्याची नळी) मागा, नसेल तर मागवून ठेवायला सांगा, किंवा गावातला चांगला डांगी वळू दाखवा. "जे आहे ते भरा" म्हटलं की एचएफ भरलं जातं, लहान चणीच्या गाईला मोठं वासरू अडतं, आणि जन्मलेली कालवड ना धड पावसाची ना धड दुधाची. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी आणि गावठी गुरं सहा टक्क्यांनी घटली आणि संकरित सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी वाढली, त्यामागं अशा भरलेल्या कांड्या पण आहेत. शुद्ध डांगी कालवडींना घोटीच्या बाजारात आणि राजूरच्या प्रदर्शनात गिऱ्हाईक आहे, मुलाला एकदा घेऊन जा.

प्रश्न (पारनेर): आमचा दीडशे दख्खनी मेंढरांचा वाडा आहे. माडग्याळचा मेंढा आणून सोडला तर कोकरं मोठी होतात असं ऐकलं. आणि जुळी देणारी मेंढी पण निघालीये म्हणतात, ती घ्यावी का?

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला कारण हा विचार वाड्यावाड्यात चालूये आणि घाईत केला तर दख्खनीचं मूळ रक्त दहा वर्षांत सापडायचं नाही.

दख्खनी मेंढी अंगानं लहान, पंचवीस-तीस किलोची, बहुतेक काळी किंवा काळी-पांढरी, लोकर जाडीभरडी. पण ती चालते. दिवाळीनंतर वाडा हलला की घाट उतरून कोकणात किंवा दुसरीकडं खानदेश-मराठवाड्यात जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर यायचं, रोज दहा-पंधरा किलोमीटर, मिळेल ते खाऊन, आणि वाटेत व्यायचं सुद्धा. हे सगळं तिच्या अंगात मुरलंय. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचेच भागाभागातले प्रकार आहेत.

माडग्याळ म्हणजे जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावानं ओळखली जाणारी, उंच, लांब मानेची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, आणि नाक पोपटासारखं बाकदार. मेंढी चाळीस किलोच्या आसपास जाते, मेंढा त्याहून बराच भारी. कोकराची वाढ जोरात म्हणून मटणाला भाव. लाखो रुपयांच्या मेंढ्यांच्या ज्या बातम्या येतात त्या नाकाच्या बाकाच्या आणि हौसेच्या असतात, त्या किमतीचा कोकराच्या वजनाशी काही संबंध नाही, त्यामुळे मेंढा घेताना नाक बघून पैसे मोजू नका, त्याच्या भावंडांची तीन महिन्यांची वजनं विचारा आणि अंडकोश दोन्ही सारखे, घट्ट आणि मोठे आहेत का ते हातानं तपासा.

तुमच्या वाड्याला काय? मोठं अंग म्हणजे मोठी भूक. तुम्ही हिंडता, दुष्काळात चारा कमी पडला की मोठ्या अंगाची मेंढी आधी खंगते आणि लांब चालीला मागं पडते. म्हणून सगळ्या दीडशे मेंढ्यांवर माडग्याळ सोडू नका. चाळीस-पन्नास मेंढ्या वेगळ्या काढा, त्यांच्यावर सोडा, त्यांची नर कोकरं मटणाला विका. बाकी शंभर मेंढ्यांना निवडक दख्खनी मेंढाच ठेवा आणि पुढच्या पिढीच्या माद्या त्यांच्यातूनच धरा. एका मेंढ्याला वीस-पंचवीस मेंढ्या हे प्रमाण धरा. आणि दर दोन वर्षांनी मेंढा बदला, कारण तोपर्यंत त्याच्याच लेकी माजावर आलेल्या असतात. बापाकडून लेक भरली की कोकरं लहान, कमजोर, मरतुकडी निघायला लागतात आणि दोष मात्र हवेला दिला जातो.

जुळ्यांचं म्हणाल तर ते खरंय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ नावाच्या छोट्याशा मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनीत आणला, त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. गंमत म्हणजे हाच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढीत आहे आणि तोही अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांमधूनच तिथं पोचला असं शास्त्रज्ञांनी दाखवलंय. पण जुळं झालं म्हणजे दोन कोकरं जगली असं नाही. गाभण मेंढीला शेवटचे सहा आठवडे रोज पाव किलो तरी खुराक आणि व्याल्यावर तसाच पुढं, हे जमणार असेल, म्हणजे अर्धबंदिस्त पद्धत असेल, तर नारी सुवर्णा फायद्याची. हिंडत्या वाड्यात आईला एकाच कोकरापुरतं दूध येतं आणि दुसरं कोकरू तुमच्या घरच्या बाईला बाटलीनं जगवावं लागतं, ते काम कुणाच्या डोक्यावर येणार हे आधी घरात बोलून घ्या.

प्रश्न (बारामती): गाईसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर मेंढ्यांना थोडं थोडं दिलं तर चालेल का? वेगळं आणायला परवडत नाही.

उत्तर: नाही चालत, अजिबात देऊ नका. गाईच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, गाईला ते लागतं. मेंढीच्या शरीराला जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात साठत जातं, महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही आणि एक दिवस लांबची चाल, पावसाचा मार किंवा वेणा असा कसला तरी ताण आला की ते एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं. लोक म्हणतात कावीळ झाली. तेव्हा उपचाराला फारसा वाव राहिलेला नसतो. गाईचं तयार पशुखाद्य आणि कोंबडीचं खाद्य यालाही हेच लागू. पुडक्यावर "शेळी-मेंढीसाठी" असं लिहिलेलंच मिश्रण घ्या, मोठ्या मेंढीला रोज दहा ग्रॅमच्या आसपास लागतं, खर्च वाटतो तेवढा नाही. तेही नसेल परवडत तर वाड्यात खडेमीठ टांगा, पण गाईचं पुडकं नको.

प्रश्न (माण): मॅडम/सर, मी बीए झालेय, महामेष योजनेतून आम्हाला वीस मेंढ्या आणि एक मेंढा मंजूर झालाय. आजोबा वाडा करायचे पण वडिलांनी सोडला, त्यामुळे घरात सांगणारं कुणी नाही. लसी कुठल्या, कोकरं कशी जगवायची, सगळंच सांगा ना.

उत्तर: ताई, अभिनंदन. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत पंच्याहत्तर टक्के अनुदान आहे, उरलेले पंचवीस टक्के तुमचे, म्हणजे चुकलं तर नुकसान तुमचंही आहे, त्यामुळे मेंढ्या ताब्यात घेतानाच डोळ्यांच्या पापण्या उलटून बघा (लालसर हव्यात, पांढऱ्या फटक म्हणजे पोटात जंत किंवा यकृतात चपटे कृमी), शेपटीखाली हगवणीचा डाग नको, लंगडी नको, कास दोन्ही बाजूंनी मऊ. आणल्यावर पंधरा दिवस घरच्या दुसऱ्या जनावरांपासून लांब बांधा. दहिवडी तुम्हाला जवळ आहे, तिथं मेंढी-शेळी विकास महामंडळाचं मेंढी फार्म आहे, एकदा जाऊन मेंढ्या हाताळायला शिकून या, वाचून हे कळत नाही.

लसींचं असं आहे. पीपीआर म्हणजे मेंढरांची बुळकांडी, नाकातोंडातून पाणी, ताप, हगवण, वाडा साफ होतो. ही लस चार महिन्यांवरच्या सगळ्यांना एकदा दिली की साधारण तीन वर्षं बघायला नको. आंत्रविषार, म्हणजे ईटी, ही दरवर्षी मे महिन्यात पावसाच्या आधी, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. यात सगळ्यात धष्टपुष्ट, सगळ्यात जास्त खाणारं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं, आदल्या संध्याकाळी उड्या मारत होतं तेच. बाजरी-ज्वारीची काढणी झाली की रानात पडलेली कणसं मेंढरं भसाभस खातात तेव्हा हा रोग आणि अपचन दोन्ही हमखास, म्हणून काढणी झालेल्या रानात पहिले काही दिवस अर्धा-पाऊण तासच सोडा आणि आधी पोटात वाळला चारा असू द्या. घटसर्प पण पावसाआधी, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, मेंढी देवीची हिवाळ्यात. नीलजिव्हा चिलटांमुळे पावसाळ्यात आणि नंतर येतो, ओठ-तोंड सुजतं, त्याची लस उपलब्ध असेल तर पावसाळ्याआधी. तारखा वहीत लिहा. जंताचं औषध पावसाच्या सुरुवातीला आणि पाऊस संपल्यावर, आणि वर्षानुवर्षं एकच औषध नको, जंत त्याला सरावतात.

मेंढी पाच महिन्यांची, म्हणजे दीडशे दिवसांच्या आत-बाहेर गाभण असते. मेंढा कधी सोडला हे लिहून ठेवलं तर व्यायची तारीख आधीच कळते, म्हणून मेंढा कायम कळपात ठेवू नका, सव्वा-दीड महिना सोडा आणि काढा, सोडायच्या आधी तीन आठवडे मेंढ्यांना रोज पाव किलो मका किंवा भरडा द्या, त्यानं जास्त मेंढ्या एकाच वेळी माजावर येतात. कोकरू पडलं की नाक-तोंड पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि पहिल्या तासाभरात चीक पाजाच. आपल्याकडं अजून काही घरात जार पडेपर्यंत पाजत नाहीत, ती पद्धत सोडून द्या, कारण चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं कोकराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्याच दिवसात बंद होत जाते, उशिरा पाजलेला चीक नुसतं दूध होतो. तीन किलोच्या कोकराला दिवसभरात तीनशे मिली, चार-पाच वेळा विभागून. आईला पान्हा नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा चीक, नाहीतर शेळीचा. वाघर (जाळीचं कुंपण) लावलेल्या वाड्यात कोकरांना वाऱ्याच्या आडोशाला वेगळा कोपरा करा, ओल आणि गार वारा एकत्र आले की फुप्फुसाला लागतं. माणमध्ये लांडगा आहे हे तुम्हाला माहीतच आहे, रात्री कुत्रं आणि उजेड दोन्ही ठेवा.

आणि आजोबा आहेत ना? त्यांना मेंढरांत घेऊन बसा. लसीच्या तारखा तुम्ही सांगा, आजारी मेंढी लांबून ओळखायची नजर त्यांच्याकडं आहे, ती शिकून घ्या.

प्रश्न (उदगीर): आमची देवणी गाय आणि पाडी दोन्ही ज्वारीच्या रानात शिरल्या आणि अर्ध्या तासात दोन्ही गेल्या. लोक म्हणाले किराळ लागलं, कुणी म्हणालं पोट फुगलं. नक्की काय असावं?

उत्तर: फार वाईट झालं. देवणी म्हणजे मराठवाड्यातली दूध आणि बैल दोन्ही देणारी गाय, घरचं माणूस गेल्यासारखंच असतं. अर्ध्या तासात, दोन्ही एकदम, आणि ज्वारीच्या रानात, म्हणजे किराळच असणार. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पाण्याच्या ताणानं खुरटलेली किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले हिरवे फुटवे, यांच्यात सायनाईडचं विष तयार होण्याजोगा घटक भरपूर असतो. पोटात गेलं की रक्तातला ऑक्सिजन पेशींना वापरताच येत नाही, म्हणून जनावर धापा टाकतं, लडखडतं, पडतं, आणि डोळ्याची-तोंडाची कातडी लालभडक दिसते, कारण ऑक्सिजन रक्तातच पडून राहतो. पोटफुगीत डावी कूस फुगते, जनावर उठबस करतं, तासनतास चालतं, त्यात सहसा एवढ्या झपाट्यानं दोन्ही जात नाहीत.

यावर औषध आहे, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं तर जनावर उठतं, पण ते मिनिटांचं काम आहे, म्हणून डॉक्टरला फोन करताना "ज्वारीतून काढलीये" हे पहिलं वाक्य सांगा, म्हणजे ते औषध बरोबर घेऊनच निघतील. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी, ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी घालू नका, त्याआधी कापलीच तर पूर्ण वाळवून घाला किंवा मुरघास करा. आणि उपाशी जनावर कुठल्याच ज्वारीच्या रानाजवळून नेऊ नका.

प्रश्न (ठाणे): ए-टू दूध दुप्पट-तिप्पट भावानं घेतो. मधुमेहाला, सांध्यांना चांगलं म्हणतात. खरंच फायदा आहे का?

उत्तर: दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या प्रथिनाचे ए-वन आणि ए-टू हे दोन प्रकार, दोघांत फरक सदुसष्टाव्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा. आपल्या देशी गाईंत बहुतेक सगळीकडं ए-टूच असतं, म्हशीत तर ए-टूच, म्हणजे तुमच्या नेहमीच्या पिशवीतलं म्हशीचं दूधही त्याच प्रकारचं आहे, त्याला कुणी जास्त पैसे मागत नाही. ए-वनमुळे रोग होतात किंवा ए-टूनं मधुमेह बरा होतो असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा नाहीये. काही लोकांना पोटाला हलकं वाटतं, तेवढं मानायला हरकत नाही. दुधातली साखर दोन्हीत सारखीच, त्यामुळे ज्यांना दूधच पचत नाही त्यांना ए-टूही पचणार नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये ए-टूचे दावे पुड्यांवरून काढा असा आदेश काढला आणि पाच दिवसांत मागे घेतला, त्यामुळे लेबलं अजून दिसतात.

तरी पण मी तुम्हाला देशी गाईचं दूध बंद करा असं सांगणार नाही. लाल कंधारी किंवा देवणी गाय दिवसाला तीन-चार लिटर देते, तिला सांभाळणाऱ्याला डेअरीच्या भावात परवडतच नाही, तुम्ही जास्त दिलेल्या पैशावर ती गाय त्याच्या दावणीला टिकते. फक्त पैसे लेबलला देऊ नका, ज्याचा गोठा स्वतः जाऊन बघितलाय अशा शेतकऱ्याला द्या. आणि कच्चं दूध पौष्टिक वगैरे म्हणून पिऊ नका, क्षय आणि ब्रुसेलोसिस दोन्ही त्यातून येतात, उकळूनच घ्या. औषधाच्या गोळ्या तर अजिबात बंद करू नका.

प्रश्न (कुडाळ): आमच्या गावठी गाई लहान चणीच्या, लोक हसतात. यांना काही जात-बित आहे का?

उत्तर: आहे तर. कोकण कपिला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं ती स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली आहे, आणि तुमच्या शेजारी गोव्यातली श्वेता कपिला पण. दोन-अडीच लिटर दूध, पण डोंगर-कातळावर चरून, कोकणच्या पावसात, जवळजवळ शून्य खुराकावर. त्या गाईला जर्सी भरून "सुधारू" नका. गावातला सगळ्यात चांगला वळू ठेवा, बाकीचे खच्ची करून घ्या, दोन पिढ्यांत फरक दिसेल.

प्रश्न (खटाव): लोकर कुणी घेत नाही, कातरणाऱ्याची मजुरी अंगावर पडते. कातरणं बंद केलं तर?

उत्तर: बंद करू नका. लोकर वाढली की गोचीड, उवा आणि ओल आतच राहते, मेंढीचं वजन घटतं. पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर अशा दोन कातरण्या करा, आदल्या दिवशी धुवून, अंग वाळल्यावर. दख्खनी लोकर जाडी असते, ती घोंगडी आणि जेनासाठीच (जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण), आणि विणणारे सणगर कमी झालेत म्हणून गिऱ्हाईक गेलं. चारपाच वाड्यांनी मिळून काळी, पांढरी वेगळी करून एकत्र विकली तर अजूनही घेणारे मिळतात. नाहीच मिळाले तर डाळिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला, ओल धरते आणि सावकाश कुजून नत्र देते. कमाईचं म्हणाल तर लोकरीपेक्षा मेंढरं खतासाठी शेतात बसवण्याचे पैसे आता जास्त आहेत, द्राक्ष-डाळिंबवाले बोलावून नेतात. रात्रीचा दर ठरवताना मेंढरं मोजून ठरवा, अंदाजानं नको.

प्रश्न (अहमदपूर): बाजारात जनावराचं वय सगळे खोटं सांगतात. आपण कसं ओळखायचं?

उत्तर: दात बघा, शिंग बघू नका, शिंगं कानस मारून गुळगुळीत केलेली असतात. खालच्या जबड्यातले पुढचे दात. सगळे दुधाचे म्हणजे आदत, मधले दोन रुंद पक्के दात आले म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचं, चार म्हणजे तीनच्या आसपास, सहा म्हणजे साडेतीन-चार, आणि आठ जुळले म्हणजे साडेचार-पाच. त्यापुढं दात झिजायला लागतात, कडा सपाट होतात, फटी पडतात, तिथून वय नक्की सांगता येत नाही, फक्त तरुण नाही एवढं कळतं. मेंढीत हे लवकर होतं, दोन दात वर्ष-सव्वा वर्षात आणि आठ साधारण तीन ते चार वर्षांत. कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला असेल तर दवाखान्यात नंबर देऊन नोंद काढून घ्या, वेतं आणि लसी कळतात. दुधाची गाय असेल तर संध्याकाळी, सकाळी आणि परत संध्याकाळी अशा तीन धारा स्वतः समोर बसून काढून घ्या, कारण आदल्या वेळची धार तुंबवून बाजारात कास मोठी दाखवतात, ते पहिल्या धारेला कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला लगेच कळतं. चारही सडांतून सारखी धार येतेय का ते बघा आणि प्रत्येक सडाची पहिली पिळ काळ्या फडक्यावर घ्या, गुठळी दिसली तर सौदा तिथंच सोडा.